बंद पेटीच्या सबवूफरला मालिकेत कपॅसिटर जोडताना: मोजणीपासून फेरतपासणीपर्यंत

सबवूफरच्या तारेत एक मोठा कपॅसिटर घातला की खालचा आवाज सुधारतो, एवढ्या ऐकीव माहितीवर मी पहिला प्रयोग केला होता. हाताशी असलेला साधा, धन-ऋण टोकांचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मी स्पीकरच्या एका तारेत जोडला, आवाज वाढवला आणि गाणे ऐकत बसलो. थोड्या वेळाने पेटीमागे हात लावला तर कपॅसिटर चटका बसावा इतका तापला होता आणि त्याचा ॲल्युमिनियमचा माथा फुगून वर आला होता. त्यानंतर मी आधी मोजणी केली, मग गणित केले आणि सर्वांत शेवटी डाग दिला. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे, कारण नवख्या माणसाची गफलत बहुतेक वेळा क्रम उलटा केल्यामुळे होते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. योग्य जोडणीतून मिळणारा फायदा खरा असला, तरी तो बेताचा असतो. माझ्या पेटीची खालची मर्यादा ४६ हर्ट्झवरून सुमारे ४२ हर्ट्झवर आली, ६० ते ८० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा गेला आणि अगदी खालच्या कंपनसंख्यांना कोनची निरर्थक हालचाल कमी झाली. दहा इंची ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसवलेला मूळ स्पीकर, पंधरा इंची व्हावा अशी अपेक्षा असेल, तर हे काम हाती घेऊ नये.

१. कोणता कपॅसिटर, हे आधी पक्के करा

सबवूफरच्या संदर्भात 'कपॅसिटर' हा शब्द किमान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि दुकानात गेल्यावर नेमका तिथेच घोळ होतो.

पहिला म्हणजे गाडीतला एक फॅरडचा कपॅसिटर. तो ॲम्प्लिफायरच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर बसतो आणि ठोक्याच्या क्षणी व्होल्टेज पडू नये एवढेच काम करतो. स्पीकरच्या अनुनादाशी (ज्या कंपनसंख्येला कोन सर्वांत सहज हलतो) किंवा इम्पीडन्सशी (स्पीकर एसी प्रवाहाला करतो तो ओहममधला विरोध) त्याचा संबंध नसतो.

दुसरा म्हणजे झोबेल जोडणीतला कपॅसिटर. ओटो झोबेल या अमेरिकी अभियंत्याने १९२३ साली टेलिफोनच्या फिल्टरांवर पायाभूत लेख लिहिला आणि स्पीकरला समांतर लावल्या जाणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीला त्याचे नाव चिकटले. व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या, इंडक्टन्समुळे वरच्या कंपनसंख्यांना इम्पीडन्स चढत जातो, तो ही जोडी सपाट करते. मूल्ये काढणे सोपे आहे: रेझिस्टर कॉइलच्या डीसी रोधाइतका किंवा त्याच्या सव्वापट घ्यायचा आणि कपॅसिटर म्हणजे इंडक्टन्स भागिले रोधाचा वर्ग. माझ्या ड्रायव्हरचा रोध ५.६ ओहम व इंडक्टन्स १.८ मिलिहेन्री आहे, म्हणून उत्तर सुमारे ५७ मायक्रोफॅरड येते. मात्र या ड्रायव्हरच्या इंडक्टन्सचा विरोध ५०० हर्ट्झच्या आसपास रोधाच्या बरोबरीला येतो, तर सबवूफरला ८० ते १०० हर्ट्झच्या वरचे सूर दिलेच जात नाहीत. तेवढ्या खाली झोबेल जोडीला जवळजवळ काही काम उरत नाही. मध्यम सुरांच्या वूफरसाठी ती उपयुक्त असली, तरी सबवूफरसाठी तिच्यावर पैसे घालवू नयेत असे माझे मत आहे.

तिसरा म्हणजे स्पीकरच्या मालिकेत, बंद पेटीच्या अनुनादाशी जुळवून बसवलेला मोठा कपॅसिटर. पुढचा सारा लेख त्याच्याविषयी आहे.

२. हे मुळात चालते कसे

बंद पेटीतल्या ड्रायव्हरचा इम्पीडन्स मोजत गेलो, तर तो एका ठिकाणी उंच शिखर गाठतो. हे शिखर म्हणजे पेटीतल्या कोंडलेल्या हवेसह ड्रायव्हरचा यांत्रिक अनुनाद. कोन तिथे सहजपणे हलतो, कॉइल चुंबकक्षेत्रात फिरताना उलट व्होल्टेज निर्माण करते आणि ॲम्प्लिफायरला प्रवाह कमी ओढला गेलेला दिसतो. शिखराच्या खालच्या बाजूला ड्रायव्हर विद्युतदृष्ट्या कॉइलसारखा वागतो, म्हणजे प्रवाह व्होल्टेजच्या मागे पडतो. शिखराच्या वर तोच ड्रायव्हर कपॅसिटरसारखा वागतो.

खालच्या बाजूच्या त्या 'कॉइल'ला आपण बाहेरून मालिकेत कपॅसिटर दिला, की दोघांचा मिळून एक नवा विद्युत अनुनाद तयार होतो. त्या जागी दोघांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात, प्रवाह वाढतो आणि ड्रायव्हरच्या टोकांवर ॲम्प्लिफायरने दिलेल्यापेक्षाही किंचित अधिक व्होल्टेज मिळू शकते. जिथे आवाज उतरणीला लागला होता तिथे त्याला थोडा टेकू मिळतो. त्याच्याही खाली गेल्यावर कपॅसिटर प्रवाह अडवू लागतो आणि आवाजाची उतरण दर सप्तकाला १२ डेसिबलऐवजी १८ डेसिबल होते.

३. साहित्य जमवा

- बंद पेटीतला पॅसिव्ह सबवूफर, म्हणजे ज्याला ॲम्प्लिफायर बाहेरून लागतो असा
- स्वतंत्र ॲम्प्लिफायर, ज्याचे बास बूस्ट व टोन बंद करता येतात
- एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर
- १ किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर आणि १० ओहमचा, १ टक्का अचूकतेचा रेझिस्टर
- मोबाइलवर शुद्ध सूर वाजवणारे ॲप
- कपॅसिटन्स मोजण्याची सोय असलेला एलसीआर मीटर. मल्टिमीटरमध्ये ती सोय असली तर तोही चालेल
- आलेखाची वही, सोल्डरिंग गन, जाड तार, हीट श्रिंक नळी

संगणक व साउंड कार्ड वापरण्याची सवय असेल, तर 'रूम ईक्यू विझार्ड' हा मोफत प्रोग्राम इम्पीडन्सचा आलेख आपोआप काढतो. तरीही पहिल्यांदा हाताने मोजावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण एकेक आकडा लिहिताना शिखर कसे चढते ते डोळ्यांसमोर येते.

ज्या सबवूफरमध्ये ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो, तो उघडून त्यात काहीही करू नये. त्याच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर वीज बंद केल्यानंतरही धोकादायक भार धरून राहू शकतात. शिवाय त्याचे आतले सर्किट त्याच पेटीसाठी आधीच जुळवलेले असते.

४. इम्पीडन्स मोजा

प्रथम ॲम्प्लिफायर न जोडता मल्टिमीटरने ड्रायव्हरचा डीसी रोध मोजा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा ओहमचा अंश वजा करायला विसरू नका. पेटीवर ८ ओहम छापलेले असले तरी हा आकडा ५.५ ते ६.५ च्या दरम्यान येतो. पुढच्या सगळ्या गणितात हाच मोजलेला रोध वापरायचा आहे; छापील ८ नव्हे.

आता ॲम्प्लिफायरच्या एका टोकाला १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याच्या पुढे, ड्रायव्हरच्या जागी, आधी १० ओहमचा रेझिस्टर जोडा. ॲपवर ५० हर्ट्झचा सूर लावून ॲम्प्लिफायरच्या टोकांवर १० व्होल्ट येतील इतका आवाज ठेवा. १० ओहमच्या रेझिस्टरवर सुमारे ९९ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. म्हणजे प्रवाह जवळपास १० मिलिअँपियर आहे आणि दर १० मिलिव्होल्टमागे १ ओहम असा सोपा हिशेब मिळाला.

स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झला ठीक वाचतात, पण २० हर्ट्झला कमी आकडा दाखवू शकतात. म्हणून १० ओहमच्या रेझिस्टरवर २० ते १५० हर्ट्झपर्यंतचे सर्व आकडे आधी लिहून घ्या. नंतर त्याच्या जागी सबवूफर जोडून तेच सूर पुन्हा वाजवा आणि प्रत्येक ठिकाणी सबवूफरचा आकडा भागिले रेझिस्टरचा आकडा गुणिले १० असा इम्पीडन्स काढा. पाच-पाच हर्ट्झच्या टप्प्याने सुरुवात करावी आणि शिखराजवळ एकेक हर्ट्झने जावे. या मोजणीत आवाज इतका हळू असतो की घरातल्या कोणाला त्रास होत नाही.

माझ्या पेटीत आकडा ४० हर्ट्झला ९.७ ओहम होता, नंतर तो भराभर चढला, ५७ हर्ट्झला ३० ओहमवर टेकला आणि पुन्हा उतरला. एकच शिखर आले तर पेटी बंद आहे. दोन शिखरे आणि मध्ये खळगा दिसला तर पेटीला नळी, म्हणजे पोर्ट आहे, किंवा मोठी गळती आहे. पोर्टच्या पेटीसाठी हा लेख थांबवावा: तिथे नळीच्या सुराखाली कोनला हवेचा आधार नसतो आणि कपॅसिटरने नेमके तिथे व्होल्टेज वाढवले तर ड्रायव्हर जखमी होण्याची भीती असते.

५. आलेखातून आकडे काढा

या पद्धतीची बैठक ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली घातली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पूर्ण केली. ड्रायव्हरच्या कागदावर जे थील-स्मॉल आकडे छापलेले असतात, ते याच दोघांच्या नावाने ओळखले जातात. आपल्याला पेटीसह असलेल्या ड्रायव्हरचे आकडे हवे असल्याने ते स्वतःच काढायचे आहेत.

शिखराचा इम्पीडन्स भागिले डीसी रोध हे पहिले गुणोत्तर. माझ्याकडे ३० भागिले ५.६ म्हणजे ५.३६. त्याचे वर्गमूळ २.३२. या वर्गमूळाला रोधाने गुणले की सुमारे १३ ओहम येतात. शिखराच्या दोन्ही बाजूंना इम्पीडन्स बरोबर १३ ओहम कुठे आहे ते आलेखावर शोधा. मला ४५.३ आणि ७१.७ हर्ट्झ मिळाले. मोजणी नीट झाली आहे का, याची इथे एक सुरेख पडताळणी होते: या दोन आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ शिखराच्या कंपनसंख्येइतके यायला हवे. माझे ५७ आले. दोन हर्ट्झपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा.

आता शिखराची कंपनसंख्या गुणिले वर्गमूळ, भागिले त्या दोन कंपनसंख्यांतला फरक, म्हणजे ५७ × २.३२ ÷ २६.४, याचे उत्तर ५ आले. हा यांत्रिक क्यू. अनुनाद किती तीव्र आहे, म्हणजे कोन किती घुमत राहतो, हे क्यू सांगतो. त्याला ५.३६ ने भागले की ०.९३ येतो, तो एकूण क्यू. पुढचे सगळे या शेवटच्या आकड्यावर अवलंबून आहे.

६. पेटी कपॅसिटरला जुळते का, ते पाहा

एरवी बंद पेटीसाठी ०.७१ हा एकूण क्यू आदर्श मानतात, कारण त्यात आवाज कुठेही न फुगता उतरतो. कपॅसिटर लावायचा असेल तर मात्र पेटी त्यापेक्षा थोडी लहान, थोडी 'घुमणारी' लागते. सपाट उत्तर मिळण्यासाठी एकूण क्यू ०.९३ च्या जवळपास हवा. अशा पेटीला कपॅसिटरशिवाय सुमारे ०.९ डेसिबलचा फुगवटा असतो. कपॅसिटर तो दाबतो आणि वाचलेली उंची खाली सरकवतो, असे समजायला हरकत नाही.

तुमचा आकडा ०.७ आला असेल तर कपॅसिटरच्या नादी न लागता पेटी आहे तशी ऐकावी, किंवा आत लाकडी ठोकळे घट्ट बसवून तिचे आकारमान कमी करावे. १.१ किंवा १.२ आला असेल तर उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरावा. त्याने पेटी हवेला मोठी भासते आणि क्यू उतरतो. प्रत्येक बदलानंतर पाचव्या पायरीचे आकडे नव्याने काढायचे असतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके इथेच बहुतेक जण अंदाजावर जातात.

७. कपॅसिटरचे मूल्य काढा

गणित एका ओळीचे आहे: मायक्रोफॅरडमधले मूल्य = गुणांक × १,५९,१५५ ÷ (शिखराची कंपनसंख्या × डीसी रोध).

गुणांक यांत्रिक क्यूवर ठरतो. तो क्यू ३ असेल तर गुणांक २.३, ५ असेल तर २.५२ आणि १० असेल तर २.७ घ्यावा. माझ्या पेटीसाठी २.५२ × १,५९,१५५ ÷ (५७ × ५.६) म्हणजे सुमारे १,२५६ मायक्रोफॅरड आले. नवी खालची मर्यादा, म्हणजे आवाज ३ डेसिबलने उतरतो ती जागा, शिखराच्या ०.७२ ते ०.७६ पटीवर येते. माझ्याकडे ५७ ची ४२.

यात २० टक्के इकडेतिकडे झाले तर काय होईल, हे मी वेगवेगळी मूल्ये घालून पाहिले. ८८० मायक्रोफॅरडलाही उत्तर बिघडत नाही. ८० हर्ट्झच्या आसपास अर्ध्या डेसिबलची खळी पडते एवढेच. त्यामुळे महागडे 'ऑडिओ ग्रेड' कपॅसिटर घेऊन एकेका मायक्रोफॅरडचा पाठलाग करण्याची गरज नाही.

८. खरेदी करताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलात, तर 'स्पीकरसाठी मोठा कपॅसिटर' असे मोघम न सांगता 'नॉन-पोलर' किंवा 'बायपोलर' (धन-ऋण टोकांचा भेद नसलेला) हा शब्द, मायक्रोफॅरड आणि व्होल्ट अशी तिन्ही माहिती द्यावी. एवढ्या मोठ्या मूल्याचा नॉन-पोलर कपॅसिटर एकाच डब्यात सहसा मिळत नाही. तेव्हा दोन मार्ग उरतात. एक म्हणजे लहान मूल्याचे अनेक नॉन-पोलर समांतर जोडणे. समांतर जोडणीत मूल्यांची बेरीज होते. दुसरा म्हणजे दोन समान साधे इलेक्ट्रोलिटिक पाठीला पाठ लावून, ऋण टोकाला ऋण टोक जोडून, मालिकेत घेणे. त्यात मूल्य निम्मे होते आणि मोकळी राहिलेली दोन धन टोके सर्किटमध्ये जातात. मी २,२०० चे दोन असे जोडून १,१०० केले आणि त्याला समांतर १५० चा एक नॉन-पोलर दिला. विकत घेतलेला प्रत्येक डबा मोजून घ्यावा, कारण इलेक्ट्रोलिटिकवर छापलेला आकडा २० टक्क्यांनी वरखाली असणे नेहमीचे आहे.

व्होल्टेजच्या बाबतीत काटकसर करू नका. ८ ओहमला १०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर सुमारे २८ व्होल्ट देतो आणि त्याची शिखरे ४० व्होल्टला पोहोचतात. अगदी खालच्या कंपनसंख्यांना हे जवळपास सगळे व्होल्टेज कपॅसिटरवर येते. ६३ व्होल्ट ही किमान मर्यादा समजा. मी १०० व्होल्टचे घेतले. प्रवाहही साडेचार अँपियरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून बारीक पायांच्या लहान डब्यांपेक्षा जाड, भक्कम टोकांचे डबे घ्यावेत.

९. जोडणी

ॲम्प्लिफायर बंद करा. त्याच्या धन टोकाकडून येणारी तार तोडून तिच्या मध्ये कपॅसिटरांचा संच बसवा, म्हणजे प्रवाहाला ड्रायव्हरपर्यंत जायला दुसरी वाट उरणार नाही. ऋण तार आहे तशीच राहते.

ही जोडणी चुकून ड्रायव्हरला समांतर झाली तर परिस्थिती गंभीर असते. १,२५० मायक्रोफॅरडचा इम्पीडन्स १,००० हर्ट्झला अवघा ०.१३ ओहम असतो, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने तो शॉर्टच आहे. आउटपुट ट्रान्झिस्टर जळायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. म्हणून वीज देण्यापूर्वी एक तपासणी न चुकता करा: मल्टिमीटर ओहमवर ठेवून पेटीच्या बाहेरच्या दोन टोकांना लावा. आकडा काही ओहमपासून सुरू होऊन सावकाश वर चढत जायला हवा, कारण मीटरच कपॅसिटर भरत असतो. आकडा ५.६ वरच स्थिर राहिला, तर कपॅसिटर मालिकेत नाही किंवा आतून शॉर्ट आहे.

संच पेटीच्या आत बसवायचा असेल तर तो हॉट ग्लूवर न सोडता पट्टीने लाकडाला आवळा. सबवूफरच्या पेटीतली थरथर काही महिन्यांत कपॅसिटरचे पाय तोडू शकते.

१०. पुन्हा मोजा, मग ऐका

चौथ्या पायरीची मोजणी आता संपूर्ण जोडणीवर करा. शिखर ५७ च्या जवळच राहील, पण त्याच्या खाली आलेखाचा आकार पालटलेला दिसेल. माझ्याकडे ४० हर्ट्झचे ९.७ ओहम ८ वर आले, ३० हर्ट्झच्या आसपास साधारण ६.१ ओहमचा तळ मिळाला आणि त्याच्या खाली इम्पीडन्स पुन्हा चढू लागला. तो तळ हाच कपॅसिटरने निर्माण केलेला नवा विद्युत अनुनाद. तो ड्रायव्हरच्या डीसी रोधाखाली जात नाही. जात असेल तर जोडणी चुकली आहे. ४ ओहमचा सबवूफर असेल तर हा तळ ४ ओहमच्या खाली येऊ शकतो, तेव्हा तुमचा ॲम्प्लिफायर तेवढा भार पेलतो का, हे आधी पाहून घ्या.

आवाज एकदम पूर्ण करू नका. १० हर्ट्झला कोनची हालचाल पूर्वीच्या निम्म्याहून कमी होते हे खरे, पण ४० हर्ट्झच्या आसपास ती सुमारे २० टक्क्यांनी वाढते. पूर्वी ज्या आवाजाला ड्रायव्हर काठावर होता, त्या आवाजाला आता तो खडखडू शकतो. पहिला अर्धा तास मध्यम आवाजात चालवून कपॅसिटरांना हात लावून पाहा. ते कोमट झाले तर चालेल, गरम झाले तर थांबवा.

ऐकताना मी पखवाजाचे ध्वनिमुद्रण लावतो. धुमावरची, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडावरची, थाप पूर्वी पेटीतच रेंगाळल्यासारखी वाटायची, आता ती पडते आणि थांबते. तुम्हाला ओळखीचे असे कोणतेही खालच्या सुराचे वाद्य चालेल. शेवटची एक तपासणी मुख्य स्पीकर चालू ठेवून करायची असते. कपॅसिटरमुळे खालच्या सुरांची फेज, म्हणजे लहरींची वेळ, बदलते, त्यामुळे पूर्वी मुख्य स्पीकरांशी जुळलेला सबवूफर आता त्यांच्याशी भांडू शकतो. नेहमीच्या जागी बसून ८० हर्ट्झचा सूर लावा आणि कोणाला तरी सबवूफरच्या दोन तारांची अदलाबदल करायला सांगा. ज्या जोडणीत सूर मोठा येईल, ती कायम ठेवा.